क्रूझवर जाताय? फॉर्ममधला तो एक प्रश्न आधी नीट वाचा

(एपिसोडचा लेखी मजकूर. अडखळणं आणि मागून आलेला ट्रॅक्टरचा आवाज काढलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

तिसगावहून बोलतोय आणि आजचा विषय आहे क्रूझ. हसू नका. पाथर्डी तालुक्यात बसून हा जहाजाचं काय सांगतोय, असं वाटणं साहजिक आहे. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला की तो टँकरचाच निघतो. पण फेब्रुवारीत मी आई-आप्पांना घेऊन मुंबई–गोवा–मुंबई अशी तीन रात्रींची सफर करून आलो. स्टेटस टाकल्यापासून तेच तीन प्रश्न येतायत. जेवणाचं काय? गोव्यात उतरू देतात का? आणि मधेच आजारी पडलो तर?

कंपनीचं नाव घेणार नाही. ना जाहिरात करायचीय, ना तक्रार. जी काय गडबड झाली ती आमच्याकडून झाली आणि सुरुवात तिथूनच करतो.

आम्ही आदल्या दिवशी निघालो. करंजी घाट उतरलो, नगर मागे टाकलं, वाटेत एका हॉटेलात मिसळ खाल्ली आणि रात्री डोंबिवलीला मामाकडे मुक्काम. रात्री दोनच्या सुमाराला आप्पा उठले. मग परत उठले. पहाटे चारला तिसऱ्यांदा. सकाळपर्यंत थांबलं सगळं, चहाही घेतला. आता ऑनलाइन चेक-इन मी घरूनच दोन दिवस आधी केलेलं होतं, त्यात तब्येतीचे प्रश्न होते, सगळ्याला ‘नाही’ लिहिलं होतं. तेव्हा ते खरंच होतं. पण मुंबईत बॅलार्ड पियरला टर्मिनलवर पोचलो तर तिथे पुन्हा फॉर्म. गेल्या ४८ तासांत कुणाला उलटी, जुलाब, ताप?

आई शेजारी उभी. हळूच म्हणाली, “नाय म्हणून टाक. आता थांबलंय की.”

आणि मी ‘नाही’वर टिक केली. खरं सांगतो. तिघांचे मिळून माझा दोन महिन्यांचा पगार गेला होता. आई-आप्पांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून काढलेली ट्रिप. त्यांनी आयुष्यात समुद्र दोनदा पाहिलेला, तोही गणपतीपुळ्याला. अशा वेळी बोट आपोआप ‘नाही’वर जातं.

पुढच्या टेबलावर एक नर्स सगळ्यांचा ताप बघत होत्या. त्यांनी सहज विचारलं, “काका, तब्येत ठीक?” आणि आप्पा सरळ म्हणाले, “ताई, आता बरं हाय, पण रात्री तीनदा जावं लागलं.”

माझे कान गरम झाले. आम्हाला बाजूला घेतलं. डॉक्टर आले. उलटी झाली का, ताप होता का, शेवटचं किती वाजता, तुमच्यासोबत तेच खाल्लेल्या बाकीच्यांना काही झालं का, शुगरची गोळी चालू आहे का. मी तिथेच फॉर्म दुरुस्त करून दिला. ते ओरडले नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी निर्णय आला. चढता येईल, पण शेवटच्या जुलाबापासून ४८ तास आप्पांनी केबिनमधून बाहेर पडायचं नाही. जेवण खोलीत येईल. दुसऱ्या दिवशी गोवा, म्हणजे आप्पांचं गोवा गेलं.

सगळीकडे असाच निर्णय होतो असं समजू नका. काही कंपन्या अशा वेळी चढूच देत नाहीत, काही नुसतं तपासून सोडतात. निर्णय जहाजावरच्या डॉक्टरांचा आणि कंपनीच्या नियमांचा. म्हणून बुकिंग करतानाच एक गोष्ट शोधा. आजारपणामुळे बंदरावरून परत पाठवलं तर पैसे किंवा तारीख बदलून मिळते का? ते बारीक अक्षरात असतं. मी वाचलं नव्हतं.

आता हे एवढं कडक का? तीनदा संडासला गेलेल्या माणसाला कोंडून ठेवायचं म्हणजे जरा जास्तच नाही का? मलाही तसंच वाटलं होतं. परत आल्यावर वाचत बसलो, ते सांगतो.

जहाजावर ज्याची सगळ्यात जास्त धास्ती असते तो नोरोव्हायरस. उलट्या-जुलाबाचा विषाणू. अंगात शिरल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो, एक ते तीन दिवसांत माणूस बरा होतो. जीवावर क्वचितच बेततं, म्हाताऱ्यांना आणि लहान पोरांना मात्र पाणी कमी पडून जड जाऊ शकतं. गोम अशी की अगदी मोजके विषाणू पोटात गेले तरी पुरतात, आणि माणूस ‘बरा’ झाल्यावरही निदान दोन दिवस तो पसरवू शकतो. ४८ तासांचा हिशोब तिथून येतो. आप्पांना नोरो होता की नुसती मिसळ बाधली, हे त्या टेबलावर उभं राहून कुणालाच सांगता येणार नव्हतं.

दुसरी गोष्ट, आणि ही तुम्ही लक्षात ठेवाच : आपण खिशात बाळगतो तो अल्कोहोलचा सॅनिटायझर नोरोव्हायरसवर नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीसेक सेकंद घासून. बुफेच्या दारात सॅनिटायझरची बाटली दिसली म्हणून समाधान मानू नका, आधी बेसिन शोधा. आमच्या आईला हे सांगावं लागलं नाही. ती कुठेही जेवायला बसताना हात धुतेच. मी मात्र फोन हातात धरून ताट वाढून घेणारा माणूस.

आणि जहाज ही जागा कशी असते बघा. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत याच्या कितीतरी पट गर्दी असते, पण तिथे माणूस दर्शन घेतो आणि घरी जातो. जहाजावर दोन हजार माणसं तीन दिवस तोच जिना, तीच लिफ्टची बटणं आणि भाजीचे तेच डाव हाताळत असतात. अमेरिकेत नियम आहे की जहाजावरच्या ३ टक्के प्रवाशांना किंवा ३ टक्के कर्मचाऱ्यांना पोटाचा त्रास झाला तर त्याची साथ म्हणून जाहीर नोंद होते. दोन हजार प्रवाशांत ३ टक्के म्हणजे साठ माणसं. आमच्याकडच्या एका लग्नाच्या पंगतीतली दोन-तीन रांगा.

पुढचा भाग मला अजिबात माहीत नव्हता. जहाज बंदराला लागलं म्हणजे माणसं उतरली, असं होत नाही. बंदराचं आरोग्य खातं असतं. परदेशातून येणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला आधी लेखी सांगावं लागतं : कुणी आजारी आहे का, नेहमीपेक्षा जास्त लोक आजारी आहेत का, कुणी दगावलं का. आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी मिळाली की मगच शिडी खाली. आपल्याकडे त्यासाठी १९५५चे बंदर आरोग्य नियम आहेत. जहाजावर नुसता पिवळा झेंडा चढवला तर त्याचा अर्थ ‘आमच्याकडे सगळे निरोगी आहेत, आत येऊ द्या’ असा होतो. हा प्रकार जुना आहे. आज ज्याला डुब्रोव्हनिक म्हणतात त्या शहराने १३७७ साली प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवायचा कायदा केला. पुढे ते ३० दिवस ४० झाले, आणि इटालियन भाषेतल्या ‘चाळीस’वरूनच क्वारंटाइन हा शब्द आला.

देशातल्या देशात, मुंबई–गोवा मार्गावरसुद्धा हे घडलंय. २०२२च्या जानेवारीत, नवीन वर्षाला मुंबईहून गेलेलं कॉर्डेलिया क्रूझेसचं जहाज मुरगाव बंदरात अडकलं. एका कर्मचाऱ्याला कोविड निघाला, मग सगळ्यांच्या चाचण्या. सुमारे २,००० माणसांमध्ये ६६ जण पॉझिटिव्ह सापडले आणि जहाज मुंबईला परत आलं. गोव्याला गेलेल्या शेकडो लोकांनी गोवा समुद्रातूनच पाहिलं. तेव्हाच्या बातम्या वाचल्या तेव्हा मला केबिनमधले आप्पा आठवले.

आप्पांना एकटं वाटू नये म्हणून मी पहिल्या रात्री त्यांच्याजवळच बसलो होतो. जेवण घेऊन एक पोरगा आला, सिंधुदुर्गातला. ताट दाराबाहेर ठेवायचं आणि टकटक करून मागे सरायचं, असा त्याला नियम होता. आप्पा दारात उभे राहून लांबूनच त्याला गाव विचारत होते, पीकपाणी विचारत होते. तो म्हणाला, “काका, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. लोक लपवतात. मग आम्ही आजारी पडतो.” आजारी पडला की त्यालाही कोंडून घ्यावं लागतं आणि त्याचं काम दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. बुफेवर पाहुण्यांनी स्वतः वाढून घेणं बंद झालं तर एकेका डावामागे एक माणूस उभा करावा लागतो.

त्याचं म्हणणं किती खरं आहे ते डायमंड प्रिन्सेसवर दिसलं होतं. २०२०च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामात थांबवून ठेवलेलं जहाज, त्यावर ३,७११ माणसं. त्यातले १३८ भारतीय, आणि त्यात प्रवासी फक्त ६, बाकी १३२ कर्मचारी. प्रवासी आपापल्या खोलीत बंद होते, पण त्यांना जेवण पोचवणारे कर्मचारी फिरतच होते. सुरुवातीला बाधित सापडलेल्या २० कर्मचाऱ्यांपैकी १५ जण जेवणखाण विभागातले होते. शेवटी जहाजावर ७१२ जणांना लागण झाली. मी फॉर्मवर ‘नाही’ टिक करताना माझ्या डोक्यात फक्त आमचे तिघांचे पैसे होते. ताट घेऊन येणारा माणूस नव्हता.

असो. जेवणाकडे येऊ.

आमची आई माळकरी. मांसाहाराचा प्रश्नच नाही, आणि नेमकी तिसऱ्या दिवशी एकादशी. निघताना वहिनीनं धपाट्यांचा डबा भरून दिला होता. सुदैवाने नियम आधी वाचले होते : घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर नेता येत नाही. बहुतेक जहाजांवर असंच असतं. कारखान्यात पॅक केलेलं, सीलबंद कोरडं खाणं सहसा चालतं. त्यामुळे धपाटे नगरच्या पुढे रस्त्यातच संपवले (मिसळीऐवजी तेवढेच खाल्ले असते तर हा एपिसोडच झाला नसता), आणि बॅगेत राजगिऱ्याच्या लाडवांची पाकिटं, खजूर आणि चिक्की. किटली, इस्त्री, शेगडी असलं काहीही नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात.

मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. पोळी, वरण, भात, दोन-तीन भाज्या असतात, जैन जेवणही मिळतं. भाकरी विसरा. तिकिटात काय धरलंय तेवढं मात्र बघा. बुफे आणि मोठी डायनिंग रूम साधारण तिकिटात असते. शोभेची छोटी हॉटेलं, कोल्ड्रिंक, कधीकधी चांगली कॉफीसुद्धा वेगळ्या बिलावर जाते. जहाजाचं कार्ड दाखवायचं, सही करायची, पैसे खिशातून जात नाहीत, म्हणून कळत नाही. शेवटच्या सकाळी कळतं.

पथ्य असेल, ॲलर्जी असेल, उपास असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या आणि चढल्यावर डायनिंगच्या मॅनेजरला पुन्हा तोंडी सांगा. आयत्या वेळी ताटासमोर उभं राहून सांगाल तर वाढणारा माणूस काही करू शकत नाही, कारण भाजी शिजून झालेली असते. आम्ही आदल्या दिवशी सांगितलं. एकादशीला आईसाठी उकडलेले बटाटे, दही, फळं आणि दूध बाजूला काढून ठेवलं. साबुदाणा, भगर नव्हती. मीठ कुठलं वापरलं हे आईने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर सांगायलाच हवं. आपल्या मराठी भाज्यांमध्ये कूट कधी पडतं ते आपल्यालाच कळत नाही.

परदेशातल्या क्रूझवर एक जादा गोष्ट. जहाजावरचं सफरचंद, सँडविच खिशात घालून किनाऱ्यावर उतरू नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत फळं, बिया, मांस आत आणण्यावर फार कडक नियम आहेत आणि जबर दंड बसतो.

आता गोवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगाव. आई म्हणाली, “तुमचे आप्पा आत आन मी बाहेर कशी फिरू?” आप्पाच म्हणाले, “जा, देवाला जाऊन या. मी इथंच हाये.” म्हणून मी आणि आई निघालो.

दोन पर्याय असतात. जहाजाच्या कंपनीची सहल घ्यायची किंवा बंदराबाहेर स्वतः टॅक्सी करायची. स्वतःची स्वस्त पडते, मनासारखी होते. कंपनीच्या सहलीचा एक मोठा फायदा असतो : त्यांची बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर जहाज सहसा थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय कंपनी करते. तुमच्या टॅक्सीसाठी कुणी थांबत नाही. एसटी ढाब्यावर थांबते तेव्हा कंडक्टर निदान माणसं मोजतो, शेजारचा ओरडतो, “एक पोरगं राहिलंय!” जहाजही कार्ड स्कॅन करून माणसं मोजतं. कोण आलं नाही ते त्यांना पक्कं माहीत असतं. तरी ते निघतं, कारण बंदरातली जागा, पायलट, भरती-ओहोटी सगळं ठरलेल्या वेळेला बांधलेलं असतं.

२०२४च्या मार्चमध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’ जहाजाचे आठ प्रवासी असेच मागे राहिले. खासगी सहलीला गेले होते, उशीर झाला. जहाज अजून समोर समुद्रात उभं होतं, तिथल्या तटरक्षकांनी त्यांना बोटीने जहाजापर्यंत नेलंही, पण वर घेतलं नाही. मग ते एकेक देश पार करत जहाजाच्या मागे धावले आणि शेवटी सेनेगलमध्ये डाकारला त्यांनी जहाज गाठलं. त्यामुळे उतरताना रोजची औषधं, पैसे आणि ओळखपत्र अंगावर ठेवा, केबिनच्या ड्रॉवरमध्ये नाही. आणि बंदराच्या एजंटचा नंबर जहाजाच्या रोजच्या पत्रकात असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

आम्ही टॅक्सीने मंगेशीला गेलो. तास-सव्वा तासाचा रस्ता. जहाज सुटायची वेळ आणि सगळ्यांनी चढलेलं असायची वेळ वेगळी असते हे लक्षात ठेवा. दुसरी वेळ साधारण अर्धा ते एक तास आधीची असते आणि तीच खरी. मी त्याच्याही आधी दीड तास धरला होता. आईला आरतीला थांबायचं होतं. मी नाही म्हणालो. ती गप्प बसली, परतीच्या रस्त्यात एक शब्द बोलली नाही. आम्ही एक तास दहा मिनिटं आधी पोचलो, म्हणजे आरती झाली असती. हे मला अजून ऐकावं लागतं.

लक्षद्वीपचं विचारणाऱ्यांसाठी : तिथे बाहेरच्या भारतीयांना प्रवेश परवाना लागतो. बुकिंगसोबत तो काढून देतात का ते विचारून घ्या. आणि मोठं जहाज बेटाला लागत नाही, लांब उभं राहतं, छोट्या बोटींनी नेतात. समुद्र खवळला तर उतरणं रद्द. तेव्हा फक्त बेटासाठी चालला असाल तर मनाची तयारी ठेवा.

फोनबद्दल. किनारा सुटला की फोनला जहाजाचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क सापडतं. बहुतेक साध्या प्लॅनमध्ये, कित्येक रोमिंग पॅकमध्येही ते धरलेलं नसतं, आणि दर बघून डोळे फिरतात. निघताना फ्लाइट मोड चालू करा, लागलंच तर जहाजाचं वायफाय विकत घ्या. परदेशात आणखी एक घोळ होतो. फोन आपोआप त्या देशाची वेळ दाखवतो, जहाज कधीकधी स्वतःच्याच वेळेवर चालतं. उतरताना जहाजाची वेळ विचारून साधं मनगटी घड्याळ तिला लावून घ्या.

राहिलेलं पटापट. गरोदर बाईला प्रवासाच्या शेवटी २४ आठवडे होत असतील तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत, सहा महिन्यांखालच्या बाळालाही सहसा नाही. जहाज लागत असेल तर मधली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, गोळी डॉक्टरांना विचारून त्रास व्हायच्या आधी घ्यायची. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट, दोन दिवसांच्या जादा. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो, तेव्हा तुमचा विमा समुद्रावर चालतो का ते आधी विचारा. आणि सुरुवातीची सुरक्षेची कवायत टाळू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी. १३ जानेवारी २०१२ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावीच लागते. आप्पांना ती एकाने केबिनच्या दारातून शिकवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन गेले, आप्पांची सुटका झाली. तो दिवस अख्खा समुद्रावर होता. आप्पा डेकवर जाऊन बसले ते दुपारच्या जेवणालाच उठले. आई एकादशीची, ती शेजारी खजूर खात बसली होती. मी फोटो काढला, तोच स्टेटसला होता.

परवा पारावर कुणीतरी आप्पांना विचारलं, गोवा कसंय? आप्पा म्हणाले, “खिडकीतून चांगलं दिसतंय.”

चला, थांबतो. पुढचा एपिसोड लक्षद्वीपवर करायचा का ते कळवा, आणि प्रश्न व्हॉइस नोटनेच पाठवा, टाइप केलेले वाचायला आईला चष्मा सापडत नाही. हो, प्रश्न आता तीच निवडते.